मटिल्डा मावशींच्या फोटोची परवानगी

३ जानेवारी २००७
नव्या वर्षाचा संकल्प: ब्लॉग. नाव 'आपली वसई'. नायगावला राहायला येऊन वर्ष झालं, आता वसईवर माझ्याइतकं अधिकारानं कोण लिहिणार? फक्त फोटो हवा. फ्रेडरिक फोटोग्राफर आहे, त्याच्या वेबसाइटवर त्याच्या आईचा, मटिल्डा मावशींचा, लाल लुगड्यातला फोटो मिळाला. झकास! कोपऱ्यात फ्रेडरिकचं नाव होतं, ते कापलं. उगाच डोळ्यात खुपत होतं. फ्रेडरिक म्हणजे इथला माझा एकुलता एक मित्र. दर रविवारी आगाशीला त्याच्याकडेच जेवतो.

५ जानेवारी
फ्रेडरिकचा फोन. विचारलं का नाहीस, म्हणाला. फोटो माझा आहे, काढून टाक. कमाल आहे! फोटोत हा आहे कुठे?

७ जानेवारी, रविवार
परवानगी आणली! थेट मावशींकडून. चेहरा त्यांचा, लुगडं त्यांचं, मग विचारायचं कोणाला? त्या म्हणाल्या, लाव की बाबा, पण आधी जेवून घे. फ्रेडरिक वाढता वाढता म्हणाला, मम्मीनं हो म्हटलं ते ठीक, पण ज्यानं फोटो काढला त्यालाही विचारावं लागतं. कलाकारांना अहंकार फार. तरी मोठ्या मनानं फोटोखाली लिहिलं: 'सौजन्य: गूगल. कोणीही बिनधास्त वापरा.' आता सगळं कायदेशीर.

१९ जानेवारी
मेलो! आगाशीच्या बस स्टॉपवर मूळव्याधीच्या दवाखान्याचा फ्लेक्स. त्यावर मटिल्डा मावशी, हसताहेत. खाली: 'आता मी कुठेही आरामात बसते!' फोटो माझ्याच ब्लॉगवरून उचललाय. अख्खं गाव तिथूनच बस पकडतं.

२० जानेवारी
फ्लेक्सवाल्याकडे जाऊन आवाज चढवला. त्यानं शांतपणे विचारलं, फोटो तुमचा का? नाही म्हणावं लागलं. मग ज्याचा असेल त्याला पाठवा, म्हणाला. आणि बिनधास्त वापरा हे तुम्हीच लिहिलंत ना, असंही वर मलाच ऐकवलं. त्यात माझी काय चूक? लोकांनी तारतम्य नको ठेवायला?
ब्लॉग डिलीट केला. फ्लेक्स आहे तिथेच. फ्रेडरिक फोन उचलत नाही. देवा, काय करू?

२१ जानेवारी, रविवार
फ्रेडरिकची बहीण सुझान स्टेशनवर भेटली. फ्रेडरिकनं स्वतः जाऊन फ्लेक्स उतरवून घेतला म्हणे. मावशी मात्र आज चर्चमध्ये मिस्सालाही गेल्या नाहीत. लोक हसतात म्हणून. ऐकून फार वाईट वाटलं, रडूच आलं. जेवायला ये, असं सुझान म्हणाली नाही.
ठरलं. यापुढे दुसऱ्याचा फोटो वर्ज्य. स्वतःचा डिजिटल कॅमेरा घेणार. प्रश्न मुळातूनच मिटवला.

२८ जानेवारी, रविवार
माफी मागायला आगाशीला गेलो. सरळ पाय धरायचं ठरवलं होतं. मावशी अंगणात होत्या. मला बघून हसल्यासुद्धा. मग एकदम पदर तोंडावर ओढून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.
नवा कॅमेरा माझ्या गळ्यातच होता.