लोकरीचे एकोणीस गुंडे

आयाकुचो,
६ एप्रिल १९९९

चि. नीना हिस ताईचे अ. उ. आशीर्वाद.

काल तू तपासणीच्या पलंगावरून उठलीस ती तशीच बस पकडायला पळालीस. धड बोलणंसुद्धा झालं नाही. माझ्या दारात आणखी अकरा पोटुशी बायका ताटकळत होत्या, म्हणून मीही तुला थांबवलं नाही. आता हे पत्र आणि चाप्ला पावाची पिशवी ड्रायव्हर तेओदोसिओकाकांच्या हाती देते आहे.

अगं, काल मी काय पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. हे रंगीत सोनोग्राफी मशीन येऊन चारच दिवस झालेत. इतकी वर्षं राखाडी पडद्यावर डोळे ताणून अंदाज बांधायचा, आणि काल तुझ्या पोटावर यंत्र टेकवलं तर नाळेतलं रक्त लाल आणि निळं वाहताना दिसलं. बाळाच्या मानेमागून फिरून ती पुढे आली होती, अगदी रंगीत फितीसारखी. मी धावत जाऊन मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. साठीला आलेला माणूस, तोही चष्मा पुसून पुसून बघत होता. अहवालात मी ठळक अक्षरांत लिहिलं आहे, मानेभोवती नाळेचा एक वेढा. आमच्याकडे दिसेल ते लिहायचंच असा दंडक आहे.

मुलगा की मुलगी ते सांगायचं नाही असं तूच बजावलंस, म्हणून गप्प आहे. गप्प बसणं मला किती जड जातं ते तुला ठाऊक आहे. एलेउतेरिओंना नमस्कार, तुझ्या सासूबाईंना शि. सा. न. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
एर्मेलिंदा

रुमिवासी,
११ एप्रिल १९९९

ति. ताईस नीनाचा सा. न. वि. वि.

पाव पोचला. त्यातले चार एलेउतेरिओनं रस्त्यावरून घरी येईपर्यंतच संपवले.

ताई, तुझ्या त्या ठळक अक्षरांनी घर डोक्यावर घेतलंय. एलेउतेरिओनं कागद अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचला आणि ‘मानेभोवती’वर येऊन तो सासूबाईंच्या हातात कोंबला. सासूबाईंना वाचता येत नाही, पण शिक्का कळतो. कागद उलटसुलट करून त्या मला म्हणाल्या की टकळी फिरवू नको म्हणून घसा कोरडा केला होता, दिवस गेलेल्या बाईनं लोकर गुंडाळली की आत नाळ गुंडाळते, पण हल्लीच्या पोरींना ऐकायचंच नसतं. त्याच दुपारी टकळी गेली, कमरेला बांधून विणायचा माझा माग गेला, गळ्यातली मण्यांची माळ गेली. दोरीवर कपडे घालायलाही हात वर करायचा नाही. बाळाला गुंडाळायचा पट्टा मी विणत होते ना, तो अर्धाच राहिला.

पुढे ऐक. घरात लोकरीचे एकोणीस गुंडे होते, ते सगळे उलगडायचं फर्मान निघालं. म्हणजे वेढाही उलगडेल. जेवल्यावर स्वतःचा चमचा न विसळणारा माझा नवरा तीन दिवस अंगणात मांडी ठोकून लोकर सोडवतोय. काल त्यात कुत्रा गुरफटला, त्याला सोडवण्यात अर्धा दिवस गेला.

हे लिहिताना हसू येतंय, पण ताई, मी फार घाबरले आहे. त्या पट्ट्याची लोकर मीच कातली, पाच महिने, रोज. माझ्याच हातांनी मी माझ्या बाळाचा गळा आवळला का? लाथ बसली की जिवात जीव येतो. थोडा वेळ हालचाल झाली नाही की मी उगाचच दारात जाऊन उभी राहते. आणि सासूबाई गावाच्या सुईण, एरवी कुणाच्याही पोटाबद्दल तासभर बोलतील. त्या दिवसापासून माझ्या पोटाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

उत्तर लगेच धाड. तेओदोसिओकाका गुरुवारी परत फिरतात. तुझा जीव माझ्यावर आहेच, तो आता जरा जास्तच असू दे.

तुझी,
नीना

आयाकुचो,
१५ एप्रिल १९९९

चि. नीना हिस ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि स्वतःच्याच दोन थोबाडीत मारून घ्याव्या असं वाटलं. तुला जे पलंगावरच सांगायला हवं होतं ते आता नीट वाच, आणि एलेउतेरिओंना परत अंगणात उभं करून मोठ्यानं वाचायला लाव.

दर चार-पाच बाळांत एकाच्या मानेभोवती नाळ असते. बाळ पोटात काही नाका-तोंडानं श्वास घेत नाही, त्याला हवं ते सगळं नाळेतूनच मिळतं. म्हणून बघायचं ते नाळेतलं रक्त, आणि तुझ्या बाळाचं रक्त झकास वाहतंय, मी रंगात पाहिलंय. नाळेच्या आत जेलीसारखा जाड थर असतो, ती सहजी दबत नाही. तुझ्या टकळीचा याच्याशी काडीचा संबंध नाही. कार्टं आत कोलांट्या मारतं, अडकतं आणि पुष्कळदा आपणच सुटतं. रोज जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पड आणि लाथा मोज. दोन तासांत दहा झाल्या की उठून कामाला लाग. कमी भरल्या तर मात्र पत्र लिहीत बसू नकोस, मिळेल त्या गाडीनं इकडे ये.

नीना, मला लाज वाटते आहे. काल मी गेल्या दोन वर्षांची वही काढली. ‘मानेभोवती नाळेचा वेढा’ हे वाक्य मी तीनशे बारा बायकांच्या कागदावर लिहिलंय. एका ओळीत लिहायचं, सही ठोकायची आणि पुढची बाई आत. त्यांच्या घरी काय काय उलगडलं गेलं असेल, किती जणी दारात जाऊन उभ्या राहिल्या असतील, माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या बहिणीच्या घरात ते घडलं तेव्हा कळलं.

तीन मेला परत दाखवायला ये. या वेळी बस चुकली तरी चालेल. रागावली असलीस तरी माझीच राहा.

तुझी ताई,
एर्मेलिंदा

रुमिवासी,
६ मे १९९९

ति. ताईस नीनाचा सा. न. वि. वि.

सोमवारी तू ‘आज वेढा दिसत नाही’ लिहून दिलंस आणि त्या कागदाची इकडे मिरवणूकच निघाली. सासूबाई भेटेल त्याला सांगतात की डॉक्टरीणबाईंच्या मशीनला आमच्या लोकरीचं ऐकावंच लागलं. गावात आणखी दोघी पोटुशी आहेत, त्यांच्या नवऱ्यांनीही मांड्या ठोकल्यात. एलेउतेरिओनं कागद संत अंतोनिओच्या तसबिरीमागे खोचलाय आणि येता-जाता तिथे टोपी काढतो.

माझा माग मात्र परत मिळाला नाही. सासूबाई म्हणतात, गेलेली पीडा बोलावून आणू नको. पट्टा कुठे ठेवलाय तेही सांगत नाहीत. असू दे. काल पाऊण तासात दहा लाथा झाल्या आणि मी आनंदानं एकटीच हसत बसले. ताई, मला आता भीती वाटत नाही, नुसती घाई झाली आहे. अशीच आठवण ठेव.

तुझी,
नीना

आयाकुचो,
१० मे १९९९

चि. नीना हिस ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंना माझा पराभव कळव. तुझ्यापुरतं मात्र ध्यानात ठेव की अहवालात ‘आज’ मी जाणूनबुजून लिहिलं आहे. गेलेला वेढा परत येऊही शकतो, आणि आला तरी आकाश कोसळत नाही. हे घरात बोलू नकोस, नाहीतर पुढे पोंचो उसवायला घेतील.

एक जूनला माझ्याकडे राहायला ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. येशील त्या दिवसाकडे माझे डोळे लागलेत.

तुझी ताई,
एर्मेलिंदा

रुमिवासी,
२९ मे १९९९

ति. ताईस नीनाचा सा. न. वि. वि.

तुझ्या एक जूनपर्यंत थांबायची हिची तयारी नव्हती. हो, मुलगी. परवा सकाळी कळा सुरू झाल्या, एलेउतेरिओ गाडी शोधायला धावला, आणि तो गाडी घेऊन येईपर्यंत तीन तासांत सगळं उरकलंसुद्धा. डोकं बाहेर आलं तेव्हा सासूबाईंनी मला जोर लावणं थांबवायला सांगितलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसते खांदे दिसत होते. मग हिनं भोकाड पसरलं आणि मीही रडले.

वेढा होता, ताई. एक नाही, दोन. तुझ्या कागदावर शून्य आणि हिच्या गळ्यात दोन.

अर्धा राहिलेला पट्टाही मिळाला, पूर्ण विणलेला. मधेच वीण घट्ट झाली आहे, तिथून हात बदललाय. सासूबाई माझ्यापासून लपवून मागच्या खोलीत बसून विणत होत्या. तुझी भाची आत्ता त्यातच झोपली आहे. आता सासूबाईंना तुला काही लिहायचंय. त्या सांगतात, मी लिहिते.

चि. डॉक्टरीणबाई एर्मेलिंदा हिस फोर्तुनाताचे आशीर्वाद. नीनाला बजावलंय, मी सांगेन तसंच लिही, गोड करू नको.

दोन्ही वेढे बोटानं उचलले आणि डोक्यावरून काढले. माळ काढतात तसे. ह्या हातांनी गावातली बासष्ट पोरं घेतली, त्यातल्या पंधरा-सोळा जणांच्या गळ्यात नाळ होती. एकही आई मला विचारायला आली नाही, कारण मी एकीलाही सांगितलं नाही. सुटल्यावर सांगून काय करायचं? एकच बाळ हातातून गेलं, आणि त्याच्या गळ्यात काही नव्हतं.

मग लोकर कशाला उलगडायला लावली, असं तू विचारशील. माझ्या हाती वेढा येतो तो अर्ध्या मिनिटासाठी. तुझ्या कागदानं तो दोन महिने आधी घरात आणून ठेवला. दोन महिने तो कसा सांभाळायचा ते मला कुणी शिकवलं नव्हतं. तिघं एकमेकांची तोंडं बघत बसलो असतो, म्हणून सगळ्यांच्या हातांना काम दिलं. तू लिहिणं सोडू नको. पण वेढा लिहिलास की त्याखाली, माणसांनी तोवर काय करायचं तेही लिही. ते लाथा मोजायचं बरं होतं.

आणि मी स्वतः घाबरले होते, तेही लिही म्हणते. टकळीचं माझ्या आईनं मलाही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, एलेउतेरिओच्या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत लोकर कातली, आणि त्याच्या गळ्यात वेढा निघाला. चौतीस वर्षं ही गोष्ट मनात ठेवली. त्याला काल सांगितली. तेव्हापासून मुलगी मांडीवर घेऊन बसलाय आणि मधूनमधून स्वतःच्या मानेला हात लावून बघतो.

लवकर ये. पाव जास्त आण, आणि चार दिवसांची रजा काढ. एकोणीस गुंडे परत गुंडाळायचे आहेत.

फोर्तुनाता
(हस्ते नीना)