चार बोटांचा ठसा

२८ सप्टेंबर

पोचलो एकदाचा. नेब्रास्काहून निघताना शेजारचे म्हणाले, व्हर्लिन क्राउस, सत्तावन्नाव्या वर्षी डोंगरात कसली नोकरी करतोस, तुला चढ म्हणजे रेल्वेचं फाटक तेवढं ठाऊक. खरं आहे. तीस वर्षं मक्याचे ट्रक चालवले, पण सगळे तव्यासारख्या सपाट रस्त्यांवर. मग धान्याचं कोठार बंद पडलं आणि माझी बायको मार्लाही गेली. ती रोज या वहीत हवापाणी लिहून ठेवायची. बरीच पानं कोरी राहिली, ती आता मी भरतोय.

इथे वायोमिंगात सगळंच उभं. इडेलाबाई थॉर्सगार्ड मला घ्यायला फाटकापर्यंत आल्या होत्या. सत्तरीच्या, सडसडीत, डोक्यावर मेलेल्या नवऱ्याची हॅट. त्यांचे अठ्ठेचाळीस घोडे उन्हाळाभर स्लेट खिंडीपलीकडच्या कुरणावर पाहुण्यांना फिरवतात. बर्फ पडायच्या आत ते खिंड ओलांडून खाली आणायचे, एका खेपेला आठ, एवढंच माझं काम. हात मिळवताना बाईंनी माझा उजवा अंगठा चिमटीत धरून वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, शाबूत आहे, बरं झालं. घोडा घेताना दात बघतात तशातला प्रकार असावा. मी हसलो.

जेवायला बीफची झणझणीत चिली आणि बरोबर दालचिनीचा गोड रोल. ही जोडी फक्त आमच्याच गावाकडे खातात असा माझा समज होता. दोन रोल खाल्ले. खोलीत शेगडी चांगली पेटते. मार्लाला आवडली असती.

३० सप्टेंबर

आज पिकअप ताब्यात मिळाली. डिझेलची, पांढरी, पण उजवं दार निळं. दुसऱ्या कुठल्या गाडीचं काढून बसवलेलं. ट्रेलर मात्र नवा, म्हणजे जुनाच पण या घरात नवा.

बाईंनी स्वतः शेजारी बसून टो मोड, म्हणजे ट्रेलर ओढतानाची सोय, समजावून सांगितला, मी पोरगा असल्यासारखा. बटण गिअरच्या दांड्याच्या आतल्या अंगाला आहे. दांडा मुठीत धरला की उजवा अंगठा बरोबर त्यावर येतो. दाबलं की समोर ट्रेलरचं चित्र असलेला नारिंगी दिवा लागतो. मग उताराला ब्रेकवर एकदा पाय टेकवला की गाडी आपणहून खालच्या गिअरात येते आणि मागचं सगळं वजन इंजिनानं धरून ठेवते. न दाबता उतरलं तर सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की ते असून नसल्यासारखे.

खिंडीच्या माथ्यावर थांबायचं, बटण दाबायचं, दिवा बघायचा, मग निघायचं. बाईंनी हे चारदा सांगितलं. मी म्हटलं, बाई, तीन वेळा पुरे होतं. त्या हसल्या नाहीत.

२ ऑक्टोबर

पहिली खेप पार पडली. वर ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झालीयत. माथ्यावर ब्रेक तपासायला रुंद जागा ठेवली आहे. इथले सगळे तिथे थांबतात आणि चाकाच्या मधल्या तुंब्याला तळहात लावून बघतात. गरम लागला तर काहीतरी घासतंय. मीही ट्रेलरची चारही चाकं चाचपली. गार होती.

उताराला बटणानं कमाल केली. इंजिन गुरगुरत होतं आणि मी खुशाल दोन बोटांनी स्टिअरिंग धरून बसलो होतो. सात मैलांत ब्रेकला मोजून सहा वेळा पाय लावला. आठही घोडे खाली उतरून लगेच लोळले.

४ ऑक्टोबर

कॅफेत एचेव्हेरी भेटला. मूळचा स्पेनकडचा बास्क माणूस, बाप मेंढरं राखायचा, हा गाड्या दुरुस्त करतो. निळं दार त्यानंच बसवलं. विचारलं तर म्हणाला, मालकिणीनं सांगितलं नाही का तुला? मागच्या ऑक्टोबरात बाईंचा नवरा ऑरवल याच गाडीनं घोडे आणत होता. शेवटच्या लांब वळणावर ट्रेलर उलटला. पिकअप कड्याला घासून अडकली, ऑरवल तिथेच गेला. आठातली एक पिंगट घोडी जगली. ब्रेक जळून निळे पडले होते आणि टो मोड बंद होता.

ऑरवलला उजवा अंगठा नव्हता. इथे त्याचं कुणाला नवल नाही. वासराला फास टाकला की दोराचा वेढा खोगिराच्या मुठीला घालतात, त्यात अंगठा सापडला की गेला. त्याला बटण जमत नाही म्हणून लोक चिडवायचे. तो म्हणायचा, चाळीस वर्षं हा घाट मी पायानं उतरलोय, बटणानं नाही.

मला राग आला. सात मुकी जनावरं मेली. मी मोठ्यानंच म्हटलं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही. एवढा ताठा होता तर एकट्यानं मरायचं, घोडे कशाला न्यायचे. एचेव्हेरीनं कप बाजूला सारला आणि म्हणाला, अजून तुझ्या पाच खेपा बाकी आहेत, नेब्रास्का. त्या झाल्यावर बोल.

६ ऑक्टोबर

दुसरी खेप. शेवटच्या लांब वळणावर दिवा विझला.

मी बटण दाबलं नव्हतं. इंजिनाची गुरगुर एकदम थांबली, गाडी हलकी झाली आणि मागून आठ घोड्यांनी ढकलली. लगेच अंगठा मारला, दिवा लागला, निभावलं. खाली आल्यावर गाडी सरळ दुरुस्तीला नेली. एचेव्हेरीनं सगळ्या तारा तपासल्या. म्हणाला, तारेत काही नाही. आणखी काहीतरी म्हणणार होता, पण हात पुसत बसला.

९ ऑक्टोबर

तिसरी खेप. माथ्यावर उतरून चाकं चाचपायला गेलो तर तुंब्यांवरच्या धुळीत आधीच हाताचे ठसे होते. चारही तुंब्यांवर. ताजे, तळहात आणि चार बोटं. मी सगळ्यांवर वाकून अंगठ्याची खूण शोधली. नव्हती.

कुरणावर मी एकटाच होतो. घोडे मीच चढवले. वाटेत कुठे थांबलो नाही.

या वेळी दिवा दोन वळणं आधीच विझला. तीनदा लावला, तीनदा विझला. मला भीती वाटते हे इथे लिहून ठेवतो, कारण कॅफेत सांगायची सोय मी स्वतःच घालवली आहे.

११ ऑक्टोबर

सकाळी शर्टाची बटणं लावता येईनात. उजवा अंगठा बधिर. सुई टोचली, कळलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थंडी आणि स्टिअरिंग, या वयात नस दबते, हातमोजे घाला. घातले. उजव्या मोज्यात अंगठ्याची जागा रिकामीच राहिल्यासारखी वाटते. काढून बघितलं. अंगठा आहे.

पेन्सिल धरायला त्रास होतो. अक्षर बिघडलंय, माफ कर मार्ला.

१३ ऑक्टोबर

चौथी. अंगठ्यानं बटण दबेना. डाव्या हातानं दाबलं. दिवा लागला, आणि माथ्यावरून शंभर पावलं जायच्या आत गेला.

पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला. मी ठेवला नव्हता. जळक्या ब्रेकचा वास आला तेव्हा मी मोठ्यानं मार्लाचं नाव घेतलं. मग कुठे पाय सुटला.

बाईंना सगळं सांगितलं. त्या भांडी घासत होत्या, पाणी वाहतच राहिलं. म्हणाल्या, इथला एकही माणूस त्या गाडीत बसायला तयार नाही म्हणून तुला सपाट मुलखातून बोलावलं. मला शरम वाटते, पण घोडे तिथे मरू द्यायचे का? मग म्हणाल्या, दोष माझा. वासरांना डाग द्यायच्या दिवशी जेवणाला सगळं गाव जमलं होतं. कुणीतरी विचारलं, ऑरवल बटण कसं दाबतो? आणि मी म्हटलं, अंगठा नाही तर नाक वापर म्हणावं. लोक पोट धरधरून हसले. तोही हसला. त्यानंतर त्यानं त्या बटणाला हात लावला नाही. डाव्या हातानं जमलं असतं रे, कुठल्याही बोटानं जमलं असतं, पण मी शेजारी असले की तो मुद्दाम नुसत्या पायानं उतरायचा.

कॅफेत मी काय बोललो होतो ते आठवलं. खोड मेल्यावरही गेली नाही.

१५ ऑक्टोबर

पाचवी. कसा उतरलो सांगता येत नाही. घोडे खाली आले, मीही आलो.

वाटेत शेजारची सीट दबलेली. कुणी बसलेलं नाही — सीट दबलेली.

मी जाणार. सामान बांधलंय.

१६ ऑक्टोबर

गेलो नाही. परवा बर्फ येतंय, रस्ता मेपर्यंत बंद होईल. वर आठ घोडे राहिलेत, गवत संपलंय. त्यांत ती पिंगट घोडी. ट्रेलर बघूनच घाम फुटतो तिला, बाई असल्याशिवाय चढत नाही.

एचेव्हेरीकडे दुसरी गाडी मागायला गेलो. त्याच्याकडची एवढं वजन ओढणारी नाही. म्हणाला, त्याला वाईट म्हणालास ना, मग माफी माग. मी म्हटलं, कुणाची? तो म्हणाला, बर्फ पडायच्या आत माग म्हणजे झालं.

बाईंनी तोड काढली. त्या शेजारी बसणार. दिवा विझला की त्या दाबणार. त्यांचे दोन्ही अंगठे शाबूत आहेत. बरं वाटलं.

१८ ऑक्टोबर, दुपार, माथा

पेन्सिल मुठीत धरून लिहितोय. बर्फ सुरू झालंय, बारीक. घोडे चढले, शेवटी पिंगटही. बाई मागे जाऊन तिच्याशी बोलतायत.

माफी मागितली. गाडीत एकटा असताना, मोठ्यानं. म्हटलं, ऑरवल, मी बोलायला नको होतं. शेजारची सीट हळूच वर आली. वाटलं, गेला.

उतरून चाकं चाचपली. गार. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. मग मागे वळून पाहिलं —

ठसे माझे. आताच उमटलेले. चार बोटं.

सीटवरून गेला, पण कुठे गेला ते —

बाई आल्या, दार लावलं. बटण दाबलं. दिवा लागला. किती छान दिसतो तो नारिंगी.

मी त्यांचा हात बाजूला केला.

का केला? दिवा विझलाय. मी विझवला. त्या पुन्हा दाबू बघतायत, मी मनगट धरलंय त्यांचं — डाव्या हातानं — उजव्यानं लिहितोय —

अंगठ्याशिवाय लिहिता येतं. सवय झाली की येतं.

त्या ओरडत नाहीत. माझ्याकडे बघतायत. म्हणतात, मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. दाब रे. इथे कुणी बघत नाही. दाब, ऑरवल.

मी व्हर्लिन — मी व्हर्लिन क्राउस, नेब्रास्का — वही मार्लाची —

लोक हसतायत. सगळं गाव हसतंय, जेवणाच्या टेबलांवरून, ऐकू येतंय मला. आणि ही शेजारी बसलीय, बघायला, मी दाबतो का ते.

मागे पिंगट लाथा मारतेय. हिला ठाऊक आहे.

हँडब्रेक सुटला. पाय ब्रेकवर आहे. पाय पुरे. चाळीस वर्षं हा घाट मी पायानं उत