वास घेतल्याशिवाय बटण नाही

प्रिय विसरभोळ्या ठमे,

तुझं सहा पानी पत्र पोचलं. आजीला अक्षरओळख नाही हे तू पुन्हा विसरलीस. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी ते दोनदा वाचून दाखवलं आणि हे उत्तरही त्याच लिहितायत. मी बोलेन तेच लिहायचं, व्याकरणाची इस्त्री फिरवायची नाही, असं कबूल करून घेतलंय. तुझी छत्री आणि एक मोजा गेल्या खेपेपासून इथेच आहेत. दोन्ही लेकरं तेवढी आठवणीने घरी नेलीस, हे नशीब.

तू विचारलंस, सुट्टी तोंडावर आली तरी बोटीचं इंजिन दुरुस्त का होत नाही? आजोबांना जमत नसेल तर मेकॅनिक बोलवा म्हणतेस. सांगते, पण मला एका दमात सांगता येणार नाही.

आमची कामाची वाटणी तुला ठाऊक आहे. हात त्यांचे, नाक-कान माझे. शिडाची बोट कितीही देखणी असली तरी वारा पडला की सगळी भिस्त त्या जुन्या पेट्रोल इंजिनावर, आणि ते खोकलं की हे मला विचारायचे, पेट्रोल की ठिणगी? मी ठिणगी पाडणारा प्लग काढून हुंगायची. ओला असला तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी रुसलीय. कोरडा ठणठणीत असला तर पेट्रोलच वाटेत अडलंय. मला आकडे वाचता येत नाहीत म्हणून चार प्लगांच्या चार वायरींना त्यांनी दोऱ्याच्या गाठी मारून दिल्या, पहिलीला एक, चौथीला चार. आणि इंजिन सुरू करायचं बटण दाबण्याआधी मी इंजिनाच्या खड्ड्यात डोकं घालून वास घ्यायचा, मगच 'दाबा' म्हणायचं. कारण पेट्रोलची वाफ तळाशी साचून राहते, आणि एक ठिणगी उडाली की बोटीसकट आपण गेलो. चाळीस वर्षांत माझ्या होकाराशिवाय त्यांनी बटणाला बोट लावलं नाही. घरात माझं इतकं कधी ऐकलं असतं तर सोन्याचा संसार झाला असता.

दोन महिन्यांपूर्वी इंजिन फटाके फोडायला लागलं. पेट्रोल खराब आहे म्हणून ह्यांनी टाकी रिकामी केली, फडक्यातून गाळून पुन्हा भरली. मी गाठी चाचपल्या तर तीनची वायर चारच्या जागी आणि चारची तीनच्या. गुपचूप बदलली. इंजिन सुरू झालं आणि स्वारी म्हणते कशी, बघ, पेट्रोलच वाईट होतं. मीही मान डोलावली. पुढच्या आठवड्यात बंदराच्या तोंडाशी इंजिन गपकन बंद. वारा नाही, शिडं लोंबतायत, खडक हाकेच्या अंतरावर. प्लग कोरडा. पाहते तर पेट्रोलची तोटीच उघडलेली नाही. नळीत उरलं होतं तेवढ्यावर आम्ही तिथवर आलो होतो. मी तोटी उघडली आणि दोष नळीतल्या कचऱ्यावर ढकलला. इतक्या वर्षांत ह्यांच्या किती चुका पोटात घातल्या, त्यात ही एक, असं मनाला सांगितलं.

मग तीन आठवड्यांपूर्वीची सकाळ. मी धक्क्यावर दोर सोडत होते. आदल्या दिवशी ह्यांनी कार्ब्युरेटर साफ केला होता आणि खालचा स्क्रू आवळायचा राहिला होता. पेट्रोलचा वास मला धक्क्यावरच आला. वळून पाहते तर ह्यांचं बोट बटणावर. ठमे, या वयात मी बोटीत उडी मारली! हात खेचून ओरडले, अहो, वास कुठे घेतलाय अजून? ते माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाले, "कसला वास?" चेष्टेत नाही गं. खरंच विचारत होते.

त्या दुपारी ते जेवून आडवे झाल्यावर मी बोटीवर गेले. ठिणगी चारी वायरींना वाटून देणारा, टोपीखाली फिरणारा अंगठ्याएवढा तुकडा असतो ना, तो काढून आणला आणि घरी शर्टाच्या बटणांच्या डब्यात लपवला. वाटलं, घटकाभरात पकडतील मला, तोंडसुख घेतील, मीही घेईन, आणि मग मनातलं सगळं बाहेर येईल. त्यांनी प्लग बदलले. कॉइल बदलली. चौथ्या दिवशी टोपी उघडली. मी शेजारीच उभी. आत नुसता रिकामा खुंट. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, फडक्याने जपून पुसला, आणि टोपी परत बसवत म्हणाले, "इथे सगळं ठीक आहे."

तेव्हापासून रोज हत्यारांची पेटी घेऊन जातात, दुपारी येऊन साबणाने हात धुतात आणि त्या हातांकडे बघत म्हणतात, हात गेले गं माझे. हात नाही गेलेले. काय गेलंय ते मला दिसतंय, आणि त्यात चोर मीच झालेय.

म्हणून हे पत्र. इंजिनाला काही झालेलं नाही. पण लेकरांना बोटीतून बेटावर न्यायचा शब्द दिलाय, तेवढा मात्र ते विसरत नाहीत, रोज सकाळी मला सांगतात. लेकरांना एकटं पाठवू नकोस. तू चार दिवस आधी ये, एकटीच. तुकडा तुझ्या हातात देईन, त्यांना खरं काय ते तू सांग, डॉक्टरकडेही तूच ने. मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा चहा हवा का एवढंच विचारलं. तुझं ते ऐकतात. आणि बोट विका असं लगेच म्हणू नकोस. सुकाणू त्यांच्या हातात राहू दे, बटण तू दाब, माझं नाक अजून शाबूत आहे. तू येईपर्यंत त्यांच्यासाठी सुके अंजीर पाठव. मोठा डबा मुळीच नको. छोट्या पुड्या बांध, एका दिवसाला एक, कारण खाल्लेत हे विसरून ते पुन्हा पुन्हा मागतात आणि मला नाही म्हणवत नाही.

तुझीच,
आजी