पहिली यादी

३ मार्च

४९.४२! आज संध्याकाळी पावणेसातला भिंतीवरचा आकडा तिथवर उतरला. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढा खाली मी पाहिला नव्हता. हा आकडा, म्हणजे विजेची वारंवारता, पन्नासला चिकटून राहायला हवा. वीज जेवढी तयार होते तेवढीच त्या क्षणी वापरली गेली, तर तो पन्नास. ४९.९ झाला तरी कंट्रोल रूममध्ये आम्ही खुर्चीत सावरून बसतो.

एका मोठ्या केंद्राचा संच अचानक बंद पडला. नेमकं ऊन उतरलेलं, म्हणजे सौर वीज संपलेली, आणि घरोघरी दिवे लागायची वेळ. म्हातारीने तारलं. तिची जड चाकं फिरत होती म्हणून आकडा घसरला तो सावकाश घसरला, आणि तेवढ्या वेळात धरणाची वीज सुरू करता आली. सगळं मिळून चार मिनिटं.

मास्तर शेजारी बसून रजिस्टरमध्ये नोंद करत होता. (आमच्या पाळीचा सहकारी. सगळ्यांच्या चुका काढतो म्हणून मास्तर.) त्याचं अक्षर आजही मोत्यासारखं.  

म्हातारी म्हणजे कोळशावरचं जुनं केंद्र. या महिन्याच्या एकतीस तारखेला ते कायमचं बंद होणार आहे.

५ मार्च

बाजारवालीशी बोलले. उद्याची वीज आज बाजारात बोली लावून घेते ती मुलगी — हुशार आहे, बोलते फटाफट. तिने पडद्यावर दाखवलं: काल दुपारी बारा ते तीन विजेचा भाव शून्य. गेल्या आठवड्यात एकदा शून्याच्याही खाली. म्हणजे वीज फुकट घ्या आणि वर पिशवीही घेऊन जा!

म्हातारीला हे परवडत नाही. तिला दुपारी विझवून संध्याकाळी पेटवता येत नाही, तापायलाच दिवस लागतो. म्हणजे दुपारभर तोट्यात चालायचं, संध्याकाळच्या चार तासांच्या कमाईसाठी. मालकांचा हिशेब बरोबर आहे. बाजारवालीचंही बरोबर आहे — ती म्हणते, स्वस्त मिळत असताना मी महाग कशाला घेऊ, मॅडम?

पण बाजारात विकली जाते ती वीज. चाकांचं वजन कोणीच विकत घेत नाही. म्हातारीने ते चाळीस वर्षं फुकट दिलं. आई घरात राबते तसं, कोणी त्याची किंमत लावली नाही, कारण ते होतंच. पर्याय आहेत — मोठ्या बॅटऱ्या, नुसतं फिरत राहणारं यंत्र — पण ते बसवायला दोन वर्षं. एकतीस तारखेला सव्वीस दिवस.

६ मार्च

आज ४९.७, तेही भर दुपारी. भीती वाटते. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

८ मार्च

सुट्टी. दिवसभर घरी. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या खोलीत ते यंत्र सारखं घुरघुरत असतं. हवेतून प्राणवायू वेगळा करून नळीने नाकात सोडतं. विजेवर चालतं. बॅटरी पंधरा मिनिटांची.

हे पान कोणी वाचणार नाही, म्हणून लिहून टाकते.

आकडा ४९.२ ला पोचला की कोणी कोणाला विचारत नाही. सबस्टेशनमधले रिले आपोआप ठरावीक भागांची वीज तोडतात, भार हलका करायला. ती पहिली यादी. त्यानेही भागलं नाही तर ४९.० ला दुसरी. तीही पुरली नाही तर सगळंच कोसळतं — सगळे जिल्हे, सगळी रुग्णालयं, पाण्याचे पंप, सगळं — आणि पुन्हा उभं करायला दोन-तीन दिवस लागतात. पहिली यादी आम्ही करतो. बेरीज सहाशे मेगावॅट भरली पाहिजे. खाली सही माझी.

तीन वर्षांपूर्वी अप्पांना यंत्रासकट घरी आणलं, त्याच आठवड्यात मी आमच्या भागाची लाइन पहिल्या यादीतून काढली. अठरा मेगावॅट. बेरीज तर जुळायला हवी! म्हणून तिच्या जागी कागद गिरणीची लाइन घातली. कागदोपत्री तीही अठराच. गिरणी त्याच्या आधीच वर्षभर बंद होती. फाटकाला गंज चढला होता, मी रोज तिथूनच जायचे. ती लाइन तोडली काय, न तोडली काय.

एवढंच केलं. अठरा मेगावॅट, सहाशेत. समुद्रातला एक तांब्या.

११ मार्च

आज जेवणाच्या सुट्टीत दार लावून यादीतल्या प्रत्येक लाइनीचा खराखुरा भार काढला. संध्याकाळी सातचा.

कागदावर सहाशे. प्रत्यक्षात तीनशे चाळीस.

टायरचा कारखाना — बंद. शीतगृह — बंद. दोन गिरण्या, एक छापखाना, खडी फोडायची यंत्रं — सगळं बंद. यातली एक गिरणी माझी. बाकीच्या कोणी घातल्या?

 डबा तसाच परत आणला. वहिनीने विचारलं तर म्हटलं, पित्त झालंय.

१२ मार्च

मास्तरला विचारलं. आधी चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला. मग सांगितलं. एक त्याच्या सासुरवाडीसाठी. एक आधीच्या साहेबांच्या सांगण्यावरून, त्यांच्या मुलीचं घर. एक सबस्टेशनच्या फोरमनसाठी, त्याची बायको बाळंतपणाला आली होती तेव्हा. परत घालायचं राहून गेलं. प्रत्येक वेळी बेरीज मात्र चोख!

मी म्हटलं, अरे, तुला काही वाटलं नाही?

तो म्हणाला, "वाटलं. पण रजिस्टरमध्ये तुझ्या हातची कागद गिरणी दिसली. म्हटलं, तिने केलंय म्हणजे चालत असेल."

तळं राखील तो पाणी चाखील, असं म्हणतात. आम्ही तर तळंच पिऊन बसलो आहोत. आणि पहिला घोट माझा.

१४ मार्च

साहेबांच्या केबिनच्या दाराशी दोनदा गेले, दोनदा परत आले. तिसऱ्यांदा त्यांनीच हाक मारली. म्हातारी बंद झाल्यावर काय, अशी वरून विचारणा आली आहे म्हणे. ते म्हणाले, "आपली पहिली यादी भक्कम आहे, असं लिहून टाकलंय. तुमची सही आहे ना, मग काळजी नाही."

मी होकारार्थी मान हलवली.  झाकली मूठ सव्वा लाखाची — पण ही मूठ उघडणार आहे ना! कधीतरी संध्याकाळी पावणेसातला, माझ्या डोळ्यांदेखत.

नोकरी जाईल. चौकशी होईल. या वयात. आणि नाही सांगितलं तर? त्याची भीती जास्त आहे, पण ती लांबची आहे. जवळची भीती मोठी वाटते.

१७ मार्च

अप्पांना सांगितलं.

ते याच कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं होते. मास्तरला त्यांनीच तयार केलं, माझं तर वेगळं सांगायलाच नको. ऐकताना डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले. मग बोलले, मध्ये दम घेत. त्यांच्या काळी एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती. ज्याच्या हातात यादी, त्याचं घर यादीत पहिलं. वीज परत जोडताना त्याचं घर शेवटी. मी लहान असताना आमच्याकडे सगळ्यांच्या आधी दिवे जायचे. आई चिडायची — एवढे मोठे साहेब, आणि घरात कंदील! मला वाटायचं आमचं नशीबच फुटकं.

"घराचं बघ, पण यादीतून नको," अप्पा म्हणाले. "प्राणवायूचं एक सिलिंडर आणायचं होतंस. दोन तास पुरतं."

सिलिंडर. तीन वर्षांत मला हे सुचलं नाही! घाबरलेल्या माणसाची अक्कल पहिली जाते. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. वहिनीला कळलंच असणार, पण ती काही बोलली नाही.

१९ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. माझ्यापासून सुरुवात केली.  ते म्हणाले, एकतीसच्या आत यादी खरी करा, चौकशीचं नंतर बघू. त्यांच्याही आवाजात भीती होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२३ मार्च

चार दिवस मास्तर आणि मी यादीला बसलो. मेलेल्या लाइनी बाहेर. छपरावर सौर पाट्या असलेल्या लाइनीही तपासल्या — दुपारी त्या वीज घेत नाहीत, उलट देतात. तोडल्या तर आकडा आणखी खाली! हे आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्यासाठी वेळेचा वेगळा तक्ता केला.

सासुरवाडी मास्तरने स्वतःच्या हाताने परत घातली. "आता मला तिकडे जेवायला कोण बोलावतंय," म्हणाला. किती दिवसांनी आम्ही हसलो.

मग पहिल्या ओळीवर मी आमची लाइन सांगितली. त्याने पेन थांबवलं. "अप्पांचं राहू दे ना. तेवढं एक." मी नाही म्हटलं. त्याने लिहिलं. बेरीज सहाशे. खरे सहाशे. मी सही केली. सबस्टेशनांना पत्रं नेहमीप्रमाणे मास्तर लिहून पाठवेल; तिथे रिले त्या पत्रांवरूनच लावतात.

२७ मार्च

वहिनीला सिलिंडर लावायला शिकवलं. दादा परगावी, मी कामावर, म्हणजे वेळ आली तर तीच एकटी. पहिल्यांदा चार मिनिटं लागली. पाचव्यांदा पन्नास सेकंद. अप्पा घड्याळ लावून मोजत होते आणि दर वेळी "नापास" म्हणत होते. ती शेवटी म्हणाली, आता मीच तुमची नळी काढून घेते. सरावाचं सिलिंडर परत देऊन नवं सीलबंद आणलं, पलंगाशेजारी उभं केलं.

मला मात्र ते दिसलं की धस्स होतं. मीच ही वीज तोडायला लावली आहे.

३१ मार्च

म्हातारी संध्याकाळी चार दहाला बंद केली. फोनवर तिथला ऑपरेटर म्हणाला, चाक पूर्ण थांबायला पाऊण तास लागला.  बाजारवालीने सगळ्यांसाठी चहा मागवला. आकडा संध्याकाळभर असा हलत होता म्हणे, पहिल्यांदा चालायला लागलेल्या पोरासारखा. माझी पाळी संपली होती, पण घरीसुद्धा मी ट्यूबलाइटकडेच बघत होते.

४ एप्रिल

झालं. आज झालं. आणि आम्ही उभे आहोत!

सहा अडतीसला दोन संच एकदम गेले. आकडा सावकाश घसरला नाही, पडला. ४९.६, ४९.३ — मी काही म्हणायच्या आत ४९.२. पहिली यादी सुटली. आमच्या पडद्यावर एक-एक भाग दिसत नाही, फक्त एकूण आकडा येतो. सहाशे सुटायला हवे होते, सुटले पाचशे ऐंशीच्या आसपास. अठरा-वीस कमी पडले. ४९.०१ वर क्षणभर थांबला. मी देवाचं नाव घेतलं, मी! आणि मग ४९.० झाला आणि दुसरी यादीही सुटली. तिथून आकडा वळला. जुन्या यादीवर असतो तर आज आख्खा प्रदेश अंधारात असता.

परत जोडायचं काम मास्तरकडे. त्याला ओरडून सांगितलं, आमचं शेवटी! तो हो, हो म्हणाला, वर बघितलं नाही. पहिल्या यादीचे सगळे भाग चाळीस मिनिटांत जोडले. दुसऱ्या यादीतली नदीपलीकडची वस्ती राहिली — तिथल्या सबस्टेशनचं बटण अडकलं, पावणेतीन तास लागले. तिकडेही कोणाच्या घरी यंत्र असेल, असं एकदा मनात आलं. झटकून टाकलं, कारण काम होतं.

घरी फोन लागत नव्हता. ती चाळीस मिनिटं मी कशी काढली ते लिहिता येणार नाही. आठ वाजता वहिनी बोलली: अप्पा बरे आहेत, जेवले, झोपले. बस. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. मला फक्त घरी यायचं होतं.

ते अठरा-वीस मेगावॅट कुठे कमी पडले, उद्या शोधते.

५ एप्रिल

सकाळी वापरलेलं सिलिंडर बदलून आणावं म्हणून उचलायला गेले. उचलेना, भरलेलं होतं. तोंडावरचं सील तसंच.

वहिनी म्हणाली, "लावायचं कशाला? आपल्याकडे लाइट गेलेच नव्हते."

अठरा.

मास्तरला फोन केला. त्याने उचलल्या उचलल्या सांगितलं, पत्र पाठवताना आमच्या लाइनीची तेवढी एक ओळ गाळली, अप्पांनी हाताला धरून शिकवलं होतं म्हणून. पुढे काय म्हणाला ते मी ऐकलं नाही.

अप्पा पलंगावरून सगळं ऐकत होते. नाकावरची नळी त्यांनी हाताने बाजूला केली.

"मग आपल्याऐवजी कोणाचे गेले?"