टोपणाचा मागचा स्क्रू

विशाखा,

तू कॉलेजातून येशील तेव्हा मी घरी नसन. सदर भागातल्या दवाखान्यात तुझ्या वर्गातल्या केशवले पाहाले चाललो.

काल तुझ्या मॉडेल विमानाच्या इंजिनावरचं टोपण उडून त्याच्या डोळ्याले लागलं. तू विमान फार खाली आणलं, असं सगळे म्हणून राहिले, अन् तूही तेच मानून बसली. तसं नाही वं पोरी. काल सकाळी टोपण बसवताना मागच्या स्क्रूचे आटे माझ्याच हातानं गेले, स्क्रू धरेचना. तुले सांगितलं असतं तर तू विमान उडवलंच नसतं, अन् मले तुले उडवताना पाहायचं होतं. म्हणून तिथं नुसती टेप चिकटवली अन् वरून रंग मारला. इंजिन तापलं की टेप सुटते, हे मोटारी दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या माणसाले कळू नये?

काल तू रडून राहिली होती तेव्हा मी बाजूलेच बसून होतो. तरी तोंड उघडलं नाही.

टोपण सोबत नेतो, टेप अजून त्याले चिकटून आहे. केशवच्या मायले अन् तुमच्या कॉलेजातल्या सरांले दाखवतो.

भात झाकून ठेवला, जेवून घे. मी आल्यावर जे बोलायचं ते बोल. मी मधात बोलणार नाही.

बाबा