खालच्या वस्तीची खापरं

मालाड (पूर्व),
रविवार, ११ ऑक्टोबर १९८७

प्रिय शकु,

जूनमधलं तुझं जाड पाकीट मिळालं. ऑगस्टमधलं पत्र मिळालं. सप्टेंबरात आलेलं कार्डही मिळालं, ज्यावर तू 'जिवंत आहेस ना रे?' एवढंच लिहिलं होतंस. जिवंत आहे. पोस्टाचा यात काही दोष नाही, सगळा माझाच आहे. प्रबंधाचं चौथं प्रकरण तू मला वाचायला पाठवलंस, 'त्या खापरांना तुझ्याइतकं कोण ओळखतं' असं वर लिहून, आणि डिसेंबरात प्रबंध द्यायचा म्हणून घाई कर असंही बजावलंस. मी ते प्रकरण पाच वेळा वाचलं. पाचही वेळा उत्तर लिहायला बसलो आणि 'इकडे सर्व ठीक' च्या पुढे पेन सरकलं नाही. आज सरकवायचंच असं ठरवून बसलोय. आई-बाबा शेजारच्यांकडे सत्यनारायणाला गेलेत, तास दोन तास घर माझं आहे.

आधी इकडचं सांगतो, म्हणजे हात सैल होईल. मी अजून मरोळलाच आहे, त्याच कारखान्यात. पितळी व्हॉल्व्ह बनवतो आम्ही. माझ्या टेबलावर दिवसाला हजारेक नग येतात, प्रत्येक गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचा. बसला तर उजव्या खोक्यात, नाही बसला तर डाव्या. पुरातत्त्वात एम. ए. केलेला माणूस याच कामाला लायक, असं आमचा सुपरवायझर श्यामसुंदर म्हणतो आणि स्वतःच हसतो. माणूस वाईट नाही. पण शकु, मी दमलोय गं. वय तेहेतीस आणि संध्याकाळी बसस्टॉपवर उभा राहतो तेव्हा दोन बस भरलेल्या गेल्या तरी पुढे व्हायचं सुचत नाही. बाबांना गिरणीने परत घेतलंच नाही. संपाला पाच वर्षं होऊन गेली तरी सकाळी सहाला दाढी करून कपडे घालून तयार असतात आणि मग गॅलरीत बसतात. आईचे गुडघे गेलेत. मी लग्न का करत नाही हा विषय दर रविवारी निघतो, आज सत्यनारायणामुळे वाचलो.

तुझ्या प्रकरणातला तो नकाशा बघितला आणि सायप्रसचं ते ऊन पुन्हा डोळ्यांवर आलं. काय नशीब काढलं होतं आपण! पुण्यात खापरांच्या कोरड्या याद्या पाठ करणारी दोन पोरं, आणि एक इंग्रज प्राध्यापक येतो काय, भाषण देतो काय, आणि 'उन्हाला न घाबरणारी मुलं हवीत' म्हणून आपल्याला भूमध्य समुद्रातल्या बेटावर उचलून नेतो काय. तू मुलुंडची, मी मालाडचा, मुंबईत कधी भेटलो नसतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं ते गाव. टेकडीवर घडीव दगडांची मोठी घरं, तांब्याचा व्यापार करणाऱ्यांची. खाली ओढ्याच्या बाजूला, भट्ट्यांच्या धुरात, तांबं गाळणाऱ्यांची खुराडी. पहिल्याच दिवशी तू खालच्या वस्तीकडे बोट दाखवून म्हणालीस, "लवू, हे माहुल बघ." रिफायनरीच्या धुरातलं माहुल. प्राध्यापकांना काही कळलं नाही, आपण दोघं मात्र हसून बेजार.

दुसऱ्या वर्षी, ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात, तू वरच्या वस्तीत खणत होतीस आणि मला खापरांचं अंगण मिळालं. आठवतं ना? पत्र्याची शेड, पाण्याची घमेली, दातांच्या ब्रशने खापरं घासणाऱ्या गावातल्या बायका. घासून झाली की सगळी माझ्यापुढे चटईवर वाळत. नियम साधा होता. रंगकाम असलेले तुकडे ठेवायचे. साधे, जाडेभरडे तुकडे कुठल्या घरातले किती हे वजन करून वहीत लिहायचं, नमुन्याला चार-दोन बाजूला काढायचे आणि उरलेले टाकून द्यायचे. सगळं ठेवायला जागा कुठून आणणार? जगभर असंच करतात. टाकलं तरी चालतं, कारण वजन वहीत राहतं.

आता तुझ्या प्रकरणाकडे येतो. तू लिहिलंयस की वरच्या वस्तीत घरटी मणभर साधी भांडी निघाली, रांधायची, साठवायची, आणि खालच्या अकरा घरांत जवळजवळ काहीच नाही. चुलींच्या जागा तर उतारावरून वाहून गेल्या होत्या, त्यामुळे सगळी भिस्त खापरांवर. त्यावरून तू निष्कर्ष काढलास की भट्टीवरच्या या माणसांना स्वतःचा संसारच नव्हता. ती वरच्यांच्या मुदपाकखान्यातून दिलेल्या अन्नावर जगत होती, वेठबिगार म्हणा, गुलाम म्हणा. काय लिहिलंयस तू! वाचताना अंगावर काटा आला. इतकी धार तुझ्याच लिहिण्यात येऊ शकते, जिच्या आजोबांनी पाटलाच्या दारात हात पसरून भाकरी घेतली तिच्या. पत्रात तू म्हणतेस, "त्यांच्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं रे, एक मडकंसुद्धा नाही." तिकडे विलायतेतल्या मोठ्या नियतकालिकाने ते प्रकरण मागितलंय हेही लिहिलंस.

शकु, मडकी होती. पोत्यांनी होती. ती मी टाकली.

त्या वर्षी जुलैमध्ये खालच्या वस्तीतून रोज पाच-सहा पोती यायची. सगळी साधी, तांबूस, बोटभर जाडीची. रंगाचा तुकडा शंभरात एखादा. पहिले दोन दिवस मी वजन केलं. मग बाबांचं पत्र आलं, संप चिघळलाय, आईच्या पाटल्या गेल्या. त्या दिवशी मी पोती चटईवर ओतली, वरवर हात फिरवला, रंगाचे तुकडे वेचले आणि वहीत साध्या खापरांच्या रकान्यात इंग्रजीत 'नगण्य' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे तर मी रकान्याच्या वरून खालपर्यंत एकच रेघ ओढली, अकराही घरांना मिळून. पहिल्या दोन दिवसांच्या आकड्यांवरसुद्धा काट मारली, नाहीतर विसंगत दिसले असते. तुझा सगळा तक्ता त्या रेघेवर उभा आहे. तुला संशय येण्याचं कारणच नव्हतं. माझं अक्षर चांगलं आहे.

दमलो होतो, घरची काळजी होती, हे खरं. चार महिने मी स्वतःला हेच सांगतोय. पण वरच्या वस्तीच्या पोत्यांना मी दमत नव्हतो. घराहून पत्र आलं त्या दिवशीही वरचं एकेक खापर तोलून लिहिलंय मी, वही काढून बघ. खालच्यांचंच तेवढं मला बघावंसं वाटलं नाही. असल्या लोकांकडे असून असून काय असणार, हे माझ्या हाताला आधीच ठाऊक होतं. कुणी शिकवलं नव्हतं, म्हणजे घरात बसवून असं कुणी शिकवत नाही.

आणि हे लिहितोच आहे तर तेही लिहितो. एक्क्याऐंशीच्या दिवाळीत तू आमच्याकडे आली होतीस. आईने करंज्या दिल्या, तुझं कौतुक केलं, "पोरगी गुणाची आसा" म्हणून मला आत येऊन सांगितलंही. आम्हा सगळ्यांना चहा कपबशीत आला. तुला काचेच्या ग्लासात. तो ग्लास मोरीवरच्या फळीवर असायचा, जिना झाडायला येणाऱ्या बाईसाठी. तू चहा संपवलास, उठलीस, ग्लास स्वतः विसळलास आणि नेऊन त्याच फळीवर ठेवलास. तुला जागा कुणी दाखवली नव्हती. मी बघत होतो. आईही बघत होती. नंतर तुला स्टेशनपर्यंत सोडताना मी रस्ताभर व्हिसाच्या फॉर्मबद्दल बडबडलो. तू हो-हो करत होतीस. मी तेव्हा एक शब्द बोललो असतो तर कदाचित ब्याऐंशीच्या सप्टेंबरात एकटा परत आलो नसतो. संपाचं कारण सांगून आलो आणि तू ते मानलंस. मानल्यासारखं केलंस. मला तुझ्याबरोबर राहायचं होतं, शकु. आईसमोर उभं राहायची छाती नव्हती, एवढंच.

आता हे सगळं आजच का, तर गेल्या रविवारी मी मुलुंडला तुझ्या घरी गेलो होतो. तुझी आई आजारी आहे असं कळलं म्हणून गेलो. काळजी करू नकोस, साधा ताप होता, आता बऱ्या आहेत. तुझ्या वडिलांनी, अंबादासकाकांनी, मला बसवून घेतलं आणि पेटीतून तुझ्या प्रबंधाची सुरुवातीची पानं काढली. तू त्यांनाही पाठवलीस हे मला माहीत नव्हतं. चष्मा लावून, बोट ठेवून त्यांनी आभाराच्या पानावरचं माझं नाव वाचून दाखवलं. म्हणाले, "हे बघ, तुझं नाव इंग्रजीत छापणार हाय ती. पोरीनं कुणाला इसरलं नाय." मग सुंदराबाईंनी तापातून उठून माझ्यापुढे ताट ठेवलं, सुकटीची चटणी आणि भाकरी, काकांच्या ताटासारखंच ताट. "खा रे, लई वाळलास," म्हणाल्या. मी जेवलो. पोटभर जेवलो, लाज वाटत होती तरी. बाहेर पडताना काकांनी विचारलं, "आमच्या पोरीचं काम चोख हाय ना रं? तू बघितलंस ना सगळं?" आणि मी म्हणालो, चोख आहे. तिथून घरी येईपर्यंत माझं मला तोंड दाखवावंसं वाटेना.

म्हणून हे पत्र. तुझी शिष्यवृत्ती मार्चला संपते हे मला ठाऊक आहे. हे प्रकरण गेलं तर निदान वर्ष जाईल, ते नियतकालिकही जाईल. गप्प बसलो असतो तर जगात कुणालाही कळलं नसतं, हेही ठाऊक आहे. आधी वाटलं, सरळ तुझ्या प्राध्यापकांनाच कळवावं. लिहिलंही, आणि फाडून टाकलं. तुझ्या वाटचं पुन्हा मीच ठरवणारा कोण? सोबत एक सही केलेला कागद ठेवलाय, वहीतली ती रेघ माझी आहे आणि ती खोटी आहे असा. तो कुणाला दाखवायचा, केव्हा दाखवायचा, की चुलीत घालायचा, ते तू ठरव. मला शिव्या घाल, हक्काने घाल. पण आधी हे वाच. ती पोती मी शेडच्या मागे, अंजिराच्या झाडापलीकडच्या कोरड्या हौदात ओतली. वरून माती लोटली. गुडघाभर खणलंस तरी लागतील. कुठलं खापर कुठल्या घरातलं हे आता कळणार नाही, तेवढं नुकसान माझ्या हातून कायमचं झालं. पण एक गोष्ट कळेल, आणि ती मी वहीत तर नाहीच, तुलाही कधी सांगितली नाही. त्या बायका घासून घासून थकायच्या तरी खालच्या वस्तीच्या खापरांचे बुडाचे तुकडे स्वच्छ व्हायचे नाहीत. काळेच राहायचे. काजळी होती ती, रोजच्या रांधण्याची, अकराही घरांच्या पोत्यांत. त्यांना वरून कुणी वाढत नव्हतं, शकु. त्यांचं ते शिजवून खात होते.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
लवू