शेटजींच्या मोटारीतली खरखर

लोणावळे, ता. ११ फेब्रुवारी १९४०

वडीलधारे फकरुद्दीन मामू यांना भाचा गफूरचा अदबीनं सलाम. तुमचा खोकला उतरला असेल, मामींचे गुडघेही चालते झाले असतील. इकडं जाहिदा आणि पोरी खुशाल आहेत. मी शेटजींची ड्रायव्हरकी सोडली, ती कशी ते लिहितो.

शेटजींनी मोटारीत रेडिओ बसवून आणला (बसून ऐकायला एवढा बंगला आहे, तरी). इंजिन सुरू झालं की त्यातून भजी तळल्यासारखी खरखर. शेटजी म्हणाले, "गफूर, तू गिअर दांडगाईनं टाकतोस, म्हणून हे." सात वर्षं त्यांना घाटातून वरखाली नेलं, त्याचं हे प्रशस्तिपत्र. मी वाद घातला नाही. औंढ्याच्या वाटेवर उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली, तर गाणं स्वच्छ. सुरू केलं की पुन्हा खरखर. म्हणजे त्रास इंजिनच्या ठिणगीचा. पण ती रेडिओत शिरते कुठून, हे शोधायला तीन दिवस पाठीवर पडून काढले. बॅटरी पाहिली, एकेक तार सोडून परत बांधली. शेवटी सापडलं. रेडिओची एक तार गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवावी लागते. ती बसवणाऱ्यानं रंगावरच आवळली होती (रंगातून वीज जात नाही, एवढं मलाही कळतं). नखाएवढा रंग खरवडला, बोल्ट आवळला, इंजिन सुरू केलं. आतली बाई अशी गायली की बंगल्यावरची मुक्ताबाई केरसुणी हातात धरून दारात उभी राहिली.

त्याच दुपारी मुंबईहून बोलावलेले तज्ज्ञ आले. त्यांनी बटण फिरवलं, दोन मिनिटं ऐकलं, मान डोलावली आणि चहा घेतला. शेटजी बंगल्यावर आलेल्या पाहुण्यांना म्हणाले, "याला म्हणतात शिकलेला हात."

मी म्हटलं, "शेटजी, ते सकाळी मी दुरुस्त केलंय."

तज्ज्ञांनी वाकून पाहिलं. "इथला रंग कोणी खरवडला?"

"मी."

"नव्या गाडीला ओरखडे काढतोस," शेटजी म्हणाले, "आणि वर श्रेय मागतोस."

मुक्ताबाईनं सगळं पाहिलं होतं. ती केरसुणी घेऊन आत गेली. तिचंही पोट त्याच बंगल्यावर आहे, तिला काय बोल लावू? मी किल्ली टेबलावर ठेवली आणि ताठ मानेनं चालत घरी आलो.

मामींना सलाम.

तुमचा गफूर

ता. क. जाहिदानं पत्र वाचलं. म्हणते, मामूंना खोटं लिहू नका. तर किल्ली मी ठेवली नाही, शेटजींनी मागून घेतली. त्याआधी मी माफी मागितली होती. दोनदा.

आणखी एक. नवलाख उंबरे गावच्या पिठाच्या गिरणीत तुमचा शब्द चालतो. तिथलं इंजिन सांभाळणारा कोंडाजी काम सोडतोय, असं ऐकलं. माझ्यासाठी बोलून पाहा. इंजिन बिघडलं तर आधी मला विचारायचं, एवढीच अट घाला. मालकांना ती जड वाटली, तर घालू नका.